तीन मायक्रॉन

पोपट गव्हाणे, वय अठ्ठावन्न, काखेतली गाठ.
फॉर्मवर एवढंच. व्यवसायाचा रकाना रिकामा.

रेहाना तांबोळी मेणाचा ठोकळा बर्फावरून उचलते,
तीन मायक्रॉनची रिबन
कोमट पाण्यावर सोडते,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतकी.

मी बघते.
रक्तवाहिन्या बाभळीसारख्या फांद्या फुटलेल्या.
टी-पेशींचा पसारा, मध्येच काही स्वच्छ पोटाच्या,
धुऊन पालथ्या घातलेल्या वाट्या.
वाटतं, ओळखलं.
स्लाइड जराशी सरकवते, आणि नाही.

पीडी-वन होकार देतो.
सीडी-टेन पुटपुटतो.
बीसीएल-सिक्स सबनीस सरांच्या मते आहे,
माझ्या मते नाही.
नाव द्यायला दोन साक्षीदार लागतात,
माझ्याकडे दीड आहेत.

गंज पेठ कुठं संपते, घोरपडे पेठ कुठं लागते
ते पोस्टमनला तरी माहीत असतं.
पुस्तकात दोन प्रकरणांच्या मध्ये
कोरं पान असतं.
गाठीत नसतं.

गुरुवारी ते स्वतःच आले,
एरंडवण्यातल्या आमच्या तळघरात,
ब्लॉक न्यायला. दुसरं मत घ्यायचंय म्हणाले,
राग मानू नका.
"एकतीस वर्षं भोसरीत लेथवर काढली, मॅडम.
आमच्याकडं गेज असतं.
एक टोक आत गेलं पाहिजे,
दुसरं जाता कामा नये. विषय संपला.
तुमच्याकडं नाही का तसलं?"

नाही म्हणाले.

त्यांनी ठोकळा घेतला,
स्वतःच्याच काखेचा तुकडा,
कडेवरून अंगठा फिरवला.
"कटिंग किती?"
"तीन मायक्रॉन."
"फिनिश चांगलाय,"
रेहानाकडे बघून म्हणाले.
ती दिवसभर कुणाशी बोलली नाही.

मी रकान्यात लिहिलं: टर्नर.

संध्याकाळी राखलेल्या स्लाइडवर सीडी-टेन पुन्हा लावला.
कंट्रोलला कुण्या पोराचा टॉन्सिल,
पोरगं एव्हाना आइस्क्रीम खाऊन मोकळं झालं असेल.
टॉन्सिल लख्ख तपकिरी.
गव्हाणे अजून पुटपुटतातच,
पण आता सगळीकडे, एकाच सुरात.

"नक्की" लिहिलं, खोडलं.
"बहुधा" लिहिलं, तेही खोडलं,
बहुधा हा शब्द घेऊन
माणसानं सलाइनच्या खुर्चीत कसं बसायचं?
सीडी-थर्टीची टक्केवारी ठळक केली,
औषध कदाचित तिच्यावरच ठरेल.

शेवटी लिहिलं, "सुसंगत आहे."
तुमच्या भाषेत, गव्हाणे,
गेज आत गेलंय.
थोडा प्ले आहे.