उभी रेघ

सोसायटीच्या खोलीत, बर्फाच्या यंत्राला लागून असलेल्या भिंतीवर
मीच रंगवून घेतलं होतं, निळ्या ऑइलपेंटात,
हातभर अक्षरांत:
मुंबई + ५०.
म्हणजे छापील वेळेत पन्नास मिनिटं मिळवा,
की झाली पूर्णगडची भरती.

बारा वर्षं दमणच्या बोटींवर काढली मी.
तिथे मिळवायचंच असतं,
तिकडे भरती मागाहून पोचते.
इकडे ती मुंबईच्या आधी येते,
हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.
हात सवयीने गेला, अधिक काढून मोकळा झाला,
आणि शिकवणाऱ्याच्या हाताला कोण विचारतो.

अमावास्येला झुबेरने बोट आत घेतली, साडेबाराला.
पाणी अकराच्या आतच उलटलं होतं.
मुखावरच्या वाळूत कणा रुतला,
बोट कुशीवर, बांगडा उन्हात,
आणि धक्क्यावर जो तो
त्या पोराला अक्कल शिकवतोय.
"माझाच अंदाज चुकला," म्हणाला तो.
खिशातली वही काढली नाही त्याने.
वहीत माझं वाक्य होतं, तारखेसकट.

त्या रात्री घास उतरला नाही, असं लिहिलं तर खोटं होईल.
जेवलो. पिठी-भात, वर सुका जवळा.
मग उष्ट्या हातानेच हिशेब केला:
पन्नास इकडचे, पन्नास तिकडचे.
शंभर मिनिटं.
उधाणाला तेवढ्यात खाडीचा तळ दिसतो.

सकाळी लिलावाच्या वेळी, टोपल्या मांडलेल्या असताना,
झुबेरच्या मालकाला मोठ्याने सांगितलं.
तो बराच वेळ बर्फाकडे बघत राहिला.
"मग डिझेलचे पैसे?"
देतो म्हटलं. हप्त्याने.

वर्गात सुहास वाट काढून द्यायला धावला,
"छपाईची चूक असेल, सर."
नाही रे. माझी.
तेव्हा मागून हर्षला खारवी म्हणाली,
"आजी तिथी मोजून सांगायची, तेव्हा भरती आधीच यायची.
मला वाटलं, आजीचंच चुकतंय."

बोटीपेक्षा हे जास्त लागलं.

मागच्या तुकडीतले सहा जण शोधले.
एक लांज्यात मोबाईल दुरुस्त करतो, हसला,
"सर, मला आता भरतीचं काय?"
तरी लिहून घे, म्हटलं. घेतलं त्याने, किंवा घेतलं असं म्हणाला.
एक समुद्रात, फोन लागेना;
त्याच्या आईकडे निरोप ठेवला.
वाटण वाटता वाटता ती पुटपुटत राहिली,
वजा, वजा, वजा.

ऑइलपेंट पुसला जात नाही.
पत्र्याच्या तुकड्याने उभी रेघ खरवडली,
चुना निघाला, थोडी वीटही.
आडवी होती तशी राहिली.

कालवं काढून येणारी येशी दारात टेकली,
गुडघ्यापर्यंत ओली, पाटीतून पाणी गळतंय.
भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"आमका इचारायचं होतंस," म्हणाली,
आणि पाटी उचलून गेली.