एकोणीस चिठ्ठ्या, एक बकरी

सोमवार ते शनिवार मी शाळेत खिचडी शिजवते,
तेव्हा ही पोट्टी मला मावशी म्हणतात.
रविवारी प्रार्थना झाली की त्यांचीच मी टीचर.
नखांतली हळद तीच,
फक्त हातात डावाऐवजी वही.

वही धर्मप्रांतातून आलेली,
पहिल्या पानावर बारा नियम छापलेले.
उशीर नको. चपला रांगेत. वेदीकडे पाठ नको.
तीनदा गैरहजर, तर पालकांना बोलवा
(इग्नेशियसचे मायबाप बल्लारशाकडे वीटभट्टीवर,
मी बोलवू कोणाला?)
नियम सातवा : दुसऱ्याचं पाहून लिहू नये.
बारावा शिक्षकांसाठी,
अगदी खाली, बारीक अक्षरात.

प्रायश्चित्तकाळातला चौथा रविवार.
दहालाच टिनं टकटक वाजायला लागली होती.
अकराला फादर लाझरस येणार होते, रपट्यावरून, मोटरसायकलनं,
पोरांची पहिली पापकबुली ऐकायला.
म्हटलं, आठवा आणि लिहून ठेवा,
आत गेल्यावर त-त-प-प नको.
एकोणीस कागद वाटले,
खिचडीच्या जुन्या हिशेबाचे, मागून कोरे.

वाचायचे नव्हते.
ऱ्हस्व-दीर्घ बघू म्हणून वाचले.

पहिल्या चिठ्ठीत : आईले उलटून बोललो.
बाबारावच्या वाडीतून दोन संत्री आणली.
गोठ्याचं दार लावायचं विसरलो, बकरी मेली.
दुसऱ्या चिठ्ठीत बकरी मेली.
तिसऱ्या चिठ्ठीत बकरी मेली.
फिलोमिनाच्या घरी कोंबडीही नाही,
तिचीही बकरी मेली,
आणि तीही 'विसरलो',
पोरगी असून.

सातवा नियम डोक्यात गेला.
मागच्या रांगेत पास्कल गवई, नेहमीसारखा खाली मान घालून.
गडबड झाली की हात त्याच्याच कानाकडे जातो,
इतक्या वर्षांची सवय.
कान पिळला. लाल झाला.
ओरडला नाही.
म्हणाला, "टीचर, बकरी एकच होती.
माह्यी."

मग कोणी बोलेना.
छतावर कावळ्याची नखं ऐकू येत होती.

"काऊन लिवलं गं त्याचं?"
फिलोमिनानं फ्रॉकची कड चावली.
"त्याचं पाप भारी होतं टीचर.
आमचे नुसते उलटून बोलल्याचे."

हसू आलं आणि आलंही नाही.
चिठ्ठ्या चुलीसारख्या हातात धरून उभी राहिले,
कुठे ठेवाव्या कळेना.

फादर आले. रुमालानं धूळ पुसली, जांभळा पट्टा गळ्यात घातला.
पोरं एकेक करून पडद्यामागे गेली,
बिनचिठ्ठीची,
एकोणीसच्या एकोणीस.
काय बोलली, देव जाणे आणि फादर.

शेवटी मी गेले.
नऊ वर्षांची होते तेव्हापासून माझी पापं तीनच आहेत :
राग, आळस, शेजारणीची चहाडी.
शब्दही तेच, क्रमही तोच.
तिसरं तर मी तेव्हा मोठ्या बहिणीचं ऐकून घेतलं होतं,
मला शेजारीणच नव्हती.
गुडघ्यावर बसले आणि तीनही आठवेनात.
म्हटलं, फादर, एका पोराचा कान पिळला.
बराच वेळ पुढचं सुचलं नाही.
त्यांनीही घाई केली नाही.

बाहेर आले तर पास्कल घंटेच्या दोरीला लोंबकळत होता,
नियम पाचवा.
मी पाहिलंच नाही.

वहीत 'वर्तन' असा एक रकाना आहे.
एकोणीस नावांपुढे काय लिहावं याचा विचार करत
पेनाचं टोपण चघळत बसले.
फादर हात धुऊन अंगणात आले, चहा नको म्हणाले,
एक पाय किकवर ठेवून
कडुनिंबाखाली बांधलेल्या एका बकरीकडे
कितीतरी वेळ पाहत राहिले.

मी काही विचारलं नाही.
विचारायचं नसतं.