फक्त गॅस कनेक्शनसाठी

कन्ना चौकातून आत वळलं की तिसरं दुकान माझं.
झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड, रिटर्न भरून मिळेल.
पाटीवरचा 'रि' उन्हानं खाल्लाय,
तरी जुलै संपत आला की माणसं बरोबर येतात,
पिशवीत वर्ष कोंबून.

माझा बाप चादरीच्या कारखान्यात रंगखात्यावर.
नखं कायम निळी.
म्हणायचा, रंग नुसता डोळ्यांनी बघू नको पोरी,
ओला कर, पांढऱ्या फडक्यावर घास,
जे सुटायचंय ते घरातच सुटू दे.

पिशवी उपडी केली की मला तेच आठवतं.
औषधाचं बिल, सुताचं बिल, वजनकाट्याची पावती,
सगळा थर्मल कागद, सगळा कच्चा रंग.
एक एप्रिल स्कूटरच्या डिकीत राहिला
की आकडे उडतात,
उरतो गुळगुळीत पांढरा चिटोरा,
तो कुठल्या साहेबाला दाखवणार?
काका, आजच झेरॉक्स मारून ठेवा, दोन रुपये.
"धंदा वाढवलालीस काय गं?"
हो. तेही आहे.

राजेशम गाजूल टॉवेलच्या मागावर, रातपाळी.
दिवाळीनंतर एक पाकीट घेऊन आला.
त्याच्या नावावर फर्म निघाली होती, सिमेंटची.
उलाढाल चार कोटी अकरा लाख.
कानातला कापूस काढून त्यानं नीट ऐकलं,
मग विचारलं,
"ताई, ह्यातले माझे किती?"
मी हसले.
हसून झाल्यावर कुठं बघावं कळेना.

आम्ही मागं मागं जात राहिलो.
फ्रिजचा हप्ता. सिमकार्ड. कुणीतरी लोन देतो म्हणालेला
अशोक चौकातला गॉगलवाला.
सगळ्यांना कोऱ्या प्रती, खाली सही करून.
त्यातली कुठली चालत गेली सिमेंटच्या दुकानात?
मशीन काही विचारत नाही,
हिरवा उजेड इकडून तिकडे सरकतो,
कागद गरम गरम बाहेर.
ती प्रत बहुतेक मीच काढली असणार.
हे मी त्याला सांगितलं नाही.

नऊ पाळ्या बुडल्या त्याच्या,
वकील, चौकी, पोर्टलवरची तक्रार.
अजून मिटलेलं नाही.

तेव्हापासून काउंटरला सुतळीनं पेन बांधलंय.
प्रत हातात द्यायच्या आधी म्हणते, लिहा.
आडवं. फोटोच्या कडेवरून, नंबराला घासून:
फक्त गॅस कनेक्शनसाठी. तारीख. कुणाला दिली.
"खराब दिसतंय की ओ."
दिसू दे.

आणि विचारलं नसतानाही बोलत राहते,
पासवर्डात पोराचा वाढदिवस नको,
अख्ख्या गल्लीनं केक खाल्लाय.
पोर्टलवर मोबाइल कुणाचा आहे तो बघा,
तुमचा, की साहेबांच्या हाताखालच्या त्या पोराचा
जो नोकरी सोडून पुण्याला गेला?
मालकानं कापलेला टॅक्स तुमच्या नावावर पोचला का,
वर्षातून एकदा तरी उघडून बघावं,
गड्ड्याच्या जत्रेत पोराचा हात चाचपतो तसं.
रिफंड आलाय म्हणून फोन करणारा
जावयापेक्षा गोड बोलला
तर ठेवून द्या.

काहीजण ऐकतात.
काहीजण सुटे पैसे मोजतात.
उद्या नियम बदलतील, गिरणी गेली तसे मागही जातील म्हणतात,
माझ्या हातात काय आहे?
सुतळी आहे. पेन आहे.

परवा राजेशम आला, पोरीच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म.
मी सांगायच्या आधीच पेन ओढलं,
सुतळी ताणली,
आणि आधारच्या प्रतीवर तेलुगूत लिहीत बसला,
गोल गोल, दोन ओळी.
आमच्या घरात कानडी, मला वाचता येईना.
काय लिहिलंस?
बोट ठेवून वाचून दाखवलं त्यानं:
"फक्त पोरीच्या शिष्यवृत्तीसाठी."
आणि खाली,
"सिमेंटसाठी नाही."