हरकतदाराचा फोटो

भूमच्या बसस्टँडसमोर माझं दुकान.
पासपोर्ट फोटो, आठ नग, दहा मिनिटांत.
तेवीस वर्षं एकच सांगत आलो:
हनुवटी वर. कान दिसू द्या.

गायरानाच्या उताऱ्यावर लिहिलंय, पोटखराब.
म्हणजे तिथं काहीच नाही.
कंपनीच्या कुंपणाचे खांब येऊन पडलेत.

मेंढरंवाला लिंबाजी म्हणाला, चल, दावतो.
कुसळं पायमोज्यातून थेट हाडापर्यंत.
तीन पहाटा नुसता वारा, आणि त्याच्या बिडीचा वास.
चौथ्या पहाटे ती आली घळीच्या काठावर,
आचळं ओघळलेली,
मागं चार पिल्लं,
एकाच्या तोंडात कुणाची तरी चप्पल.
"माझ्या कोकरांची वाटेकरीण," लिंबाजी पुटपुटला,
"वर्साला दोन नेती. हिशेबात धरलेत."

मी तिला काहीच सांगितलं नाही.
कान आपसूक वर होते.

चौकात बारा बाय आठचा फ्लेक्स लावला,
जिथं एरवी दादांचा वाढदिवस असतो.
कुणी विचारलं, हा कोणत्या गटाचा?
दोन दिवसांनी फाटलेला दिसला,
डोळ्यांपासून खाली.

मग हरकतीचा अर्ज. चौकटीत छापलेलं:
अर्जदाराचा अलीकडचा फोटो.
डिंक लावला, चिकटवला.
कारकुनानं चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"आणि सही?"
ओढ्याच्या चिखलात उमटलेला पंजा,
त्याचाही फोटो होता माझ्या खिशात.

बराच वेळ तो बघत बसला.
मग शिक्का मारला, जरा कडेला,
कान झाकू नयेत म्हणून.