न तापवता

औलूत डिसेंबरमध्ये सूर्य येतो
उसने पैसे मागायला आल्यासारखा.
दारातच घुटमळतो,
दोनच्या ठोक्याला निघूनही जातो.
त्याच्या भरवशावर इथे कुणी काही वाळत घालत नाही.

मी शाई करते.
लिहायची नव्हे; हिच्यातून वीज चालत जाते.
बाटलीत दिसते करडी, राख कालवलेल्या पाण्यासारखी.
चांदी आहे, सांगूनही पटत नाही.
कण इतके बारीक
की एकमेकांत घट्ट होऊन तळाशी बसू नयेत
म्हणून प्रत्येकाला झबलं घालावं लागतं.
झबलं अंगावर आहे तोवर
मांडीला मांडी लावून बसले तरी
कण कणाला ओळख देत नाही,
वीज उंबऱ्यावरून परत फिरते.
झबलं उतरवणं, हे माझं काम.

भट्टीत उतरतं. दीडशे अंश, अर्धा तास.
पण खाली कागद असतो बिचारा,
तो पिवळा पडतो, कडा दुमडून घेतो.
म्हणून हा दिवा:
डोळ्याचं पातं लवेतो
शंभरदा येऊन जाईल एवढासा लखलखाट.
करडी शाई तो पिऊन टाकते,
कागदाला पत्ताही लागत नाही.
युक्ती एवढीच.
(सांगायला एवढीच. करायला मला तीन हिवाळे लागले.)

शुक्रवारी बाबा आले.
पाहुण्याचा बिल्ला कोटावर तिरका,
काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली भूर्जाची साल,
तळ्याकाठच्या पडक्या झाडाची.
कागदाच्या गिरणीत चौतीस वर्षं,
सगळी वाळवणीच्या रुळांपाशी.
गिरणी बंद झाली,
अंगरख्यातला उकडलेल्या कोबीचा वास मात्र
आईने किती धुतला तरी राहिला.
"न तापवता वाळतं होय काही?"
मग साल पुढे सरकवून,
"ह्याच्यावर छाप, हिल्का. तुझा तो प्लॅस्टिकचा पापुद्रा नको."

छापलं. एक रेघ, दोन वळणं.
दिवा लखकन पेटला
आणि रेघ उडाली,
चुलीतल्या राखेवर कुणी फुंकर मारावी तशी.
सालीवर उरले पोपडे, आणि काचेआड आम्ही दोघं.

बाबा हसले नाहीत.
साल उचलून कानाशी नेली,
हलकेच वाकवली, ऐकलं.
"ओली आहे. पाण्याला बाहेर पडायला
वाटच दिली नाहीस तू. मग ते दार फोडून जाणारच."

हे माझ्या तीन वह्यांत कुठेच नव्हतं.

दुसरा तुकडा छापला
आणि नुसता ठेवला. कोरड्या हवेत, चाळीस मिनिटं.
आम्ही कॉफी प्यायलो.
बोलायचं बरंच होतं म्हणून बोललो नाही.
खिडकीबाहेर नदीवर बर्फ धरत होता,
तोही आपला न सांगता, न विचारता.

मग पुन्हा दिवा.
मीटरच्या सुया टेकवल्या.
मघाशी जिथे आकडाच मावत नव्हता
तिथे चार ओहम, आणि बारीकशी शीळ.
मी ओरडलेच.

बाबांनी हाताची मागची बाजू लावून पाहिली,
रुळावरचा कागद पाहायचे तशी.
"गार आहे."
परत लावली. "गारच आहे की."
कोपरापासून मनगटापर्यंत त्यांचा जुना भाजल्याचा डाग
दिव्याखाली चकाकत होता,
छापलेल्या कुठल्याशा रेघेसारखा.
"चौतीस वर्षं आम्ही..."
वाक्य त्यांनी तिथेच ठेवलं. मीही उचललं नाही.

निघताना मागितला तो फसलेला तुकडा.
चांगला दिला तर म्हणाले, तो तुझ्या साहेबांना दाखव.

रविवारी घरी गेले तर
फ्रिजवर चुंबकाखाली तीच साल.
बाबांच्या तिरक्या अक्षरात:
राईचा पाव, दूध, दाराचं तेल.
जिथे जिथे चांदीचा पोपडा उरला होता
तिथे पेन घसरलं होतं,
आणि त्यांनी दुसऱ्यांदा, दाबून,
तेच अक्षर गिरवलं होतं.