तिसरा सिलिंडर

सिन्नर फाट्याच्या अलीकडे, रसवंतीमागे
दगू मिस्त्रीचं गॅरेज. पत्रा, दोन बाभळी,
एक स्टोव्ह, ज्यावर चहा होतो
आणि बेअरिंगही तापतं.

‘बंद करू नका,’ तो म्हणाला.
बॉनेटला हातही लावला नाही त्यानं.
मागे जाऊन उकिडवा बसला,
धुरात तळहात धरला, हुंगला.
‘निळा असता तर म्हणालो असतो, ऑइल पितेय.
हा काळा. खाणं मिळतंय हिला, पचत नाही.’

दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार किलोमीटर.
डॉक्टरला वय सांगावं तसा मी आकडा सांगितला.
थोडा कमी करावासा वाटला.

मग स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनावर,
मूठ कानामागच्या हाडाशी, डोळे मिटलेले.
ते डोळे मिटणं माझ्या ओळखीचं.
छत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये काढली मी.
करकरीत ताव हाताखालून जायचे,
कुठे रेघ पुसट, कुठे आकडा कललेला,
डोळ्याआधी बोटाला कळायचं.
चुकलेलं बाजूला काढायचं, एवढंच काम.

‘हँडब्रेक ओढा. चौथा टाका.
आता क्लच सोडा, सावकाश.’
इंजिन बंद पडायला हवं होतं.
ते घुमत राहिलं,
कुणी हो हो म्हणावं आणि जागचं हलू नये, तसं.
‘प्लेट गेली.’

मागच्या सीटवरून इंदुमती:
‘नांदुरीच्या घाटात मी म्हटलं होतं, जळका वास येतोय.’
मी तेव्हा म्हणालो होतो, पुढच्या ट्रकचा असेल.
दगूनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे,
आणि तन्वीरला सांगितलं, ‘सतराचा पाना दे.’

पहिल्या नळीचा नट सैल केला.
डिझेल उडालं, इंजिन लंगडलं.
आवळला.
दुसरा. पुन्हा लंगडलं.
आवळला.
तिसरा सैल केला.
काही नाही. तीच लय, तीच थरथर.

‘सापडला,’ दगू म्हणाला.
‘ज्याच्या नसण्यानं फरक पडत नाही
तो कामावर नसतोच.’

तो इंजिनाबद्दल बोलत होता.
मला रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवली.
जेल रोडच्या घरात, खिडकीपाशी,
चहा हातात घेऊन मी भोंग्याची वाट बघत होतो.
सातला झाला.
एका सेकंदानंही लंगडला नाही.

दगूनं चौथाही नट सैल करून पाहिला.
‘एक सापडला म्हणून थांबायचं नसतं.’

‘मेलाय का तिसरा?’ मी विचारलं,
जरा जास्तच हळू.
त्यानं ऑइलचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवलं.
झाकण नाचलं नाही, नुसतं थरथरलं.
‘रिंगा शाबूत आहेत. मेला कुठं?
फवारा मारायचा सोडून नोझल थेंब थेंब गळतंय.
द्वारकेला पंपवाल्याकडे पाठवतो, संध्याकाळपर्यंत येईल.’

पुण्याहून मुलाचा फोन: भंगारात द्या ना, बाबा.
मी म्हणालो, आवाज नीट येत नाहीये.

गिअरबॉक्स उतरायला चार तास लागले.
तन्वीरनं तो छातीवर घेतला, झोपलेलं पोर घ्यावं तसा.
प्लेट निघाली: काळी, गुळगुळीत,
रिव्हेटांपर्यंत झिजलेली.
मी बोट फिरवलं. रेघ नाही, आकडा नाही.
इंदुमतीनं ती वर्तमानपत्रात गुंडाळली.
‘कुंडीखाली बरी,’ म्हणाली.

दिवे लागले तेव्हा निघालो.
धूर नव्हता. असला तरी अंधारात दिसला नाही.
जुना पाय, नवा क्लच.
फाट्यावर सिग्नल सुटला, मी सवयीनं पाय उचलला
आणि गाडी एक हिसका देऊन
बंद पडली.

मागे हॉर्नवर हॉर्न.
इंदुमती हसायला लागली, प्लेट मांडीवर घेऊन.
मी किल्ली फिरवली नाही लगेच.