दोन पदर

गिमलीत फेब्रुवारीत सरोवरावरून ट्रक जातात,
बर्फ तेवढा जाड असतो.
सोल्वेगबाई फोनवर म्हणाल्या, "डावा स्पीकर खरखरतो.
येताना वायर आण. फार महागाची नको."

रिसीव्हर चंदेरी तोंडाचा, वयानं माझ्याहून मोठा.
दोन्ही हातांनी पुढे ओढला तर मागे
धूळ, मेलेली एक माशी,
आणि टेबललॅम्पची तपकिरी वायर,
दोन्ही पदर एकाच रंगाचे,
ना लाल रेघ, ना कडेला उंचवटा.

"हाल्मारनं जोडली," त्या म्हणाल्या,
"जाळी बंद होती त्या वर्षी, घरात बसून होता.
दातांनी सोलली. पक्कड कुठे ठेवली ते
त्यालाच आठवेना."

खरखरीत विशेष काही नव्हतं.
तांबं हिरवं पडलेलं, स्प्रिंगची पकड सैल.
पण सवयीनं मी खिशातला पेन्सिल सेल काढला,
लाल खाचेतून सोडवलेल्या टोकाला अधिक, दुसऱ्याला उणे,
नुसता टेकवला.
उजव्याचा कागद पुढे आला.
डाव्याचा मागे गेला.

म्हणजे इतकी वर्षं
एक ढकलायचा तेव्हा दुसरा ओढायचा,
आणि खर्ज सोफ्यापर्यंत पोचायच्या आत
हवेतच फिटून जायचा,
उसनं फिटावं तसा.

मी काही बोलले नाही.
नवी वायर कापली, दोन्हीकडे सारखी.
तांब्याचे केस पिळून एक केले,
एकही बाहेर राहू दिला नाही.
लालला लाल. काळ्याला काळा.
बटण दाबलं. आतला रिले
चार श्वास थांबला, मग म्हणाला: टक्.

त्यांनी रेकॉर्ड लावली.
इथल्याच चर्चची गाणारी मंडळी, इथल्याच हॉलमध्ये,
तीनशे प्रती, दोनशे अजून तळघरात.
"तिसऱ्या रांगेत हाल्मार," त्या म्हणाल्या,
"म्हणायचा, मी आहे त्यात, नीट कान लाव.
मी लावायचे. नुसत्या बायका ऐकू यायच्या.
मग भांडायचो."

सुई टेकली.
आधी बायका.
मग दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीतून,
जिथे स्पीकर नाही, फक्त कोट अडकवायची खुंटी आहे,
तिथून पुरुषांचे आवाज वर आले, जड,
बर्फाखालून पाणी सरकावं तसे.
कपाटातल्या बशा किणकिणल्या.

सोल्वेगबाई उभ्याच राहिल्या,
एक हात रेकॉर्डच्या पाकिटात अडकलेला.
गाणं संपलं, सुई आतल्या कडेला
खसखसत राहिली. ती उचलायला
कुणी गेलं नाही.

"उशिरा येतो," त्या शेवटी म्हणाल्या.
"प्रत्येक ओळीला अर्धी मात्रा उशिरा.
आणि सूरही जरा खाली.
मला वाटायचं, थापा मारतो."

मी जुनी वायर गुंडाळून पिशवीत टाकत होते.
"वायरीचे किती?"
"सोळा डॉलर."
त्यांनी वीस दिले, सुटे नको म्हणाल्या,
आणि वाकून, गुडघ्याला शिव्या देत,
सुई पुन्हा
पहिल्या ओळीवर नेऊन ठेवली.